कॉफीचा वास कुठं गेला?

मला कुणी विचारलं, काय काम करता, तर मी 'दुकानात असते' एवढंच सांगते. कसलं दुकान, असं पुढं विचारलंच तर 'अत्तराचं' म्हणते आणि पदर सारखा करते. त्याच्यापुढं मला बोलवत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंत झाली. पेठ तालुक्यात आमच्या पाड्यावर त्याच्यापुढची शाळाच नव्हती. अक्षर मोठं आणि वाकडं येतं, पण वाचता येतं. हे मी सायराला दाखवणार नाही, खरं तर यात जास्त तिचंच आहे.

सायरा म्हणजे आमच्या मालकांची, हनीफचाचांची मुलगी. दुकान जुन्या नाशकात, गल्लीच्या तोंडाशी. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. चाचांच्या वडिलांनी ते काढलेलं. मागं पडद्याआड एक खोली, तिथं मिसळायचं काम. पुढं काउंटर, त्याच्यामागं मी.

त्याच्याआधी मी दिंडोरीकडं द्राक्षबागेत जायची. छाटणी, घडातले मणी कमी करायची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, जे असेल ते. बागेत औषध मारायच्या दिवसांत छाती भरून यायची, खोकला जाता जाईना. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, बाग सोडा. सोडून खायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा आमच्या वस्तीतली एक बाई या दुकानात झाडलोट करायची. तिचं लग्न ठरलं आणि तिच्या जागी मी आले.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. काउंटरवर पितळेची एक वाटी होती आणि तिच्यात काळपट, भाजलेल्या बिया. मला वाटलं, गिऱ्हाइकांसाठी भाजलेले वाल ठेवलेत. कुणी बघत नाही असं बघून एक तोंडात टाकली. कडू जहर! थुंकायला लाज वाटली, म्हणून तशीच चावून गिळली. चाचांनी बघितलंच होतं.

"काय गं हिरा, कॉफी आवडली का?"

कॉफी म्हणजे हे, ते मला तेव्हा कळलं. वास मात्र ओळखीचा वाटला. तव्यावर नागलीची भाकर जरा जास्त राहिली की तिच्या काठाचा जसा वास सुटतो, तसा.

त्या बिया खायला नव्हत्या, नाकासाठी होत्या. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं म्हणून सांगते. चार अत्तरं एकामागून एक हुंगली की नाक दमतं. मग पाचव्याचा वास नीट कळत नाही, सगळं गोड-गोड लागतं. अशा वेळी मध्ये कॉफीच्या बिया हुंगायच्या. चाचा म्हणायचे, "नाकाला जरा ब्रेक दे, मग पुढची गाडी घे." वाटी त्यांच्या वडिलांची. वडिलांना ही रीत मुंबईच्या कुणा मोठ्या व्यापाऱ्यानं शिकवली होती. रोज सकाळी दुकान उघडलं की त्या बिया तळहातावर घासून वाटीत टाकायच्या, म्हणजे वास जागा होतो. हे काम माझं. गिऱ्हाईक आलं की पहिला शब्द, "आधी कॉफी हुंगा."

झाडलोट करणारी बाई काउंटरमागं कशी गेली, तर न बोलण्यामुळं. चाचांकडं आधी जी माणसं होती ती फार बोलायची. गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तर लावायचं आणि लगेच सुरू, हे घ्या, हे भारी, हे नट-नट्या लावतात. चाचांचं म्हणणं, लावल्यावर दुकानदारानं तोंड बंद ठेवावं. त्या वेळी गिऱ्हाइकाचं नाक काम करत असतं, त्याला गडबड चालत नाही. पहिला वास उडू द्यायचा, खालचा वर येऊ द्यायचा, मग माणूस आपणच बोलतो. हे मला शिकवावं लागलं नाही. आयुष्यभर मी तेच करत आले होते, फक्त त्याचा पगार कुणी दिला नव्हता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक टेम्पोवाला यायचा, त्याला बिडीचा वास लपवणारं काहीतरी हवं असायचं. बायकोनं बिडी सोडायची शपथ घातलेली. मी त्याला खस दिला. आठवड्यानं त्याची बायको तीच बाटली घेऊन आली. मी घाबरले, आता भांडण. ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "भरून द्या. त्यांना म्हणावं, बिडीचा वास येतोच, पण हे मला आवडलं." दोघंही पुढं येत राहिले, वेगवेगळे.

पंचवटीतले एक गुरुजी यायचे. पूजेला बसताना लावायला तेलातलं अत्तर घ्यायचे, फवाऱ्याचं चालत नसे, त्यात स्पिरिट असतं म्हणून. बाटली उचलून उजेडात धरायचे आणि दर वेळी विचारायचे, "बाई, शुद्ध ना?" मी मान हलवायची. चाचा आतून ओरडायचे, "गुरुजी, ती खोटं बोलत नाही. ती बोलतच नाही."

एक राहून गेलं ते मात्र मनात आहे. सुरगाण्याकडचे एक म्हातारे बाबा आले होते. आमच्याच बाजूचं बोलणं, ऐकून मला बरं वाटलं. त्यांना मोहाच्या फुलांचं अत्तर हवं होतं. पहाटे झाडाखाली पडलेल्या फुलांचा वास येतो तसं. नातवाकडं शहरात राहायला आले होते, झोप येत नाही म्हणाले. मला तो वास डोळे मिटले तरी येत होता, पण आमच्या कुठल्याच बाटलीत नव्हता. सायरानं त्यांच्यासाठी बरंच काही मिसळून बघितलं. कधी ते दारूच्या भट्टीसारखं झालं, कधी काकवीसारखं. बाबांनी हुंगलं, हसले आणि म्हणाले, "नाय पोरी, हे झाडाखालचं नाय." ते परत आले नाहीत. अजून कधी कधी वाटतं, कुठं काय कमी पडलं ते आपल्याला कळायला हवं होतं.

आता कॉफीचं सांगते.

दोन-तीन वर्षांत धंदा खाली आला होता. पोरं मोबाईलवरून बाटल्या मागवत. आमच्याकडं उरले ते गुरुजी, टेम्पोवाले आणि लग्नसराई. गल्लीतच मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण रोज येऊन चाचांच्या मागं लागलेला, जागा मला द्या, बसून भाडं खा. चाचांचे गुडघेही बोलायला लागले होते. एके दिवशी त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर जागा त्याला देऊन टाकतो."

सायरा भडकली. "अब्बा, माझं काय? मी कॉलेज करून इथं बसते ते कशासाठी?"

"तुझं एखादं अत्तर चालव ना. चालव आणि घे दुकान."

ते रागात बोलले, पण बोलले. माझं काय होणार ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुकान गेलं असतं तर मला परत बाग होती, औषध होतं आणि तोच खोकला.

सायरानं कॉफी आणि व्हॅनिलाचं अत्तर करायचं ठरवलं. कॉलेज रोडला तिच्या वयाची पोरं-पोरी मोठाल्या काचेच्या हॉटेलांत कॉफी पीत बसतात, त्या वासात त्यांना बरं वाटतं, असं तिचं म्हणणं. आणि तसल्या परदेशी बाटल्या इतक्या महाग की नुसत्या बघाव्यात. "मावशी, आपलं असं पाहिजे की पोरीनं वडापाव कमी खाऊन घ्यावं." छोटी बाटली, तोंडाशी गोळी असलेली, हातावर फिरवायची. खोका नाही, फीत नाही. महागाच्या बाटलीत अर्धे पैसे खोक्याचे असतात, हे चाचा नेहमी सांगायचे.

चाचांना ते पटत नव्हतं. "वास लावायचा की प्यायचा?"

पण मागच्या खोलीत तिनं ते जमवलं तेव्हा चाचांनीही परत परत हुंगलं. आधी कॉफी यायची, गरम, कडवट, खरी. मग हळूहळू व्हॅनिला तिच्या खालून वर यायचा, दुधाची साय धरावी तसा. मी डोळे मिटून हुंगलं आणि मला आवडलं. मला अत्तर सहसा आवडत नाही, मी ते विकते.

गणपतीच्या आधी ते काउंटरवर आलं. आणि चालेना.

पोरी यायच्या, हौसेनं विचारायच्या, आम्ही लावायचो. नाक वाकडं करायच्या. एक म्हणाली, "बेकरीत आल्यासारखं वाटतं." दुसरी, "काकू, हे तर नुसतं बिस्कीट आहे. कॉफी कुठंय?" एका पोराला तर श्रीखंड आठवलं. सायरा पडद्याआड जाऊन कॉफी वाढवायची. परत पुढं आणलं की परत बिस्कीट. आणखी वाढवली. आता मागच्या खोलीत ते जळक्या कढईसारखं यायला लागलं आणि पुढं येऊन मात्र तेच, बिस्कीट. सायरा रडकुंडीला आली. "मावशी, आत एक वास आणि बाहेर एक, असं कसं होईल? माझंच नाक बिघडलंय."

कव्हरवाला एकदा फूटपट्टी घेऊन भिंती मोजून गेला. चाचांनी त्याला अडवलं नाही.

नवरात्र जवळ आलं होतं. एका संध्याकाळी दुकान बंद करताना सायरानं पहिल्यासारखं, कमी कॉफीचं करून माझ्या मनगटावर लावलं आणि म्हणाली, "घरी जाईपर्यंत कसं राहतं ते उद्या सांगा." मी पेठ रोडला राहते. नदी ओलांडून शेअर रिक्षानं जाते. रिक्षात माझ्या बाजूला बाजारातून मेथीच्या जुड्या घेऊन निघालेली एक जाडजूड बाई बसली. थोडं पुढं गेलो तशी तिनं मान वर केली.

"अगं बाई, कॉफी कोण पितंय?"

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, मी सकाळपासून चहा नाय प्यालो, कॉफी कुठली!"

"नाय नाय, येतोय वास. साखर टाकलेली हाय. दूधसुद्धा."

पलीकडचा माणूस म्हणाला, "माझ्या डब्यात तर कारल्याची भाजी होती."

"तुझ्या डब्याला कोण इचारतंय? कुणीतरी थर्मास लपवलाय!" असं म्हणून ती सगळ्यांच्या पिशव्यांकडं बघायला लागली.

मी हात पदराखाली घेतला. पदराच्या उबेनं वास आणखीच सुटला. ड्रायव्हरनं गाडी चालवता चालवता मान वळवली, "खरंच येतोय की!" मी उतरेपर्यंत त्या रिक्षात कॉफीवरच बोलणं चाललं होतं. एकालाही बिस्कीट आठवलं नाही. माझ्याकडं कुणी बोट दाखवलं असतं तर मी तिथंच मेले असते.

सकाळी दुकान उघडलं. शिशीतलं तेच अत्तर घेऊन नवं लावलं, कॉफीचा वास आला. मग रोजच्यासारख्या वाटीतल्या बिया तळहातावर घासल्या आणि परत मनगट हुंगलं. बिस्कीट. नुसतं बिस्कीट.

मी वाटीकडं बघत बसले. आपण गूळ खाऊन वर चहा प्यायलो तर चहा पानचट लागतो. चहात साखर असतेच, जीभ गोडाला भरून गेलेली असते. आम्ही येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात आधी खरी कॉफी भरत होतो आणि मग विचारत होतो, कॉफीचा वास येतो का? मागच्या खोलीत वाटी नव्हती, म्हणून सायराला येत होता.

कळलं, पण सांगायचं कसं? वाटी चाचांच्या वडिलांची. मी सांगायला तोंड उघडलं आणि चाचांनी "काय?" म्हटल्यावर मीच "काही नाही" म्हणाले. मग मी एकच केलं. वाटी उचलून आतल्या फळीवर ठेवली.

चाचा स्टुलावर बसले आणि त्यांचा हात सवयीनं काउंटरवर गेला.

"वाटी कुठंय?"

"आत."

"आत का?"

मी म्हणाले, "चाचा, गूळ खाऊन चहा पितात का?"

"सकाळी सकाळी कोडी घालते का मला? वाटी आण."

मी हलले नाही. त्यांना वाटलं मी हट्ट करते. पडदा सरकवून सायरा बाहेर आली. "काय म्हणालात मावशी? परत म्हणा." मी परत म्हणाले, आणि रिक्षातलंही सांगितलं. एवढं लांबलचक मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते. सायरानं दोन्ही हात डोक्याला लावले. "या अल्लाह! अब्बा, वाटी!"

"वाटीला काय झालं? अब्बांच्या वेळेपासून आहे ती. तेव्हापासून लोक हुंगतात, कुणाचं नाक पडलं का?"

तेवढ्यात दिंडोरीकडच्या दोघी जणी पायरीवर आल्या. सख्ख्या जावा, सप्तशृंगीला जायचं होतं, त्याआधी बाजाराला नाशकात आल्या होत्या. चाचा हट्टाला पेटले. मला म्हणाले, "आण वाटी." धाकटीला त्यांनी रीतसर बिया हुंगायला दिल्या आणि मग अत्तर लावलं. थोरलीला नुसतंच लावलं.

धाकटी म्हणाली, "खारीसारखा येतो. बरा हाय, पण लावून काय करायचं? मुंग्या लागतील."

थोरलीनं तिच्याकडं बघितलं. "खारी? अगं, कॉफी हाय ही! मोठ्या साहेबांकडं द्राक्षांचे पैसे आणायला गेलो तवा दिली नव्हती का, कपात? तीच."

"कुठं कॉफी? तुला सर्दी झालीय."

"तुला झालीय! दे तुझा हात." थोरलीनं जावेचा हात ओढून हुंगला. "हिच्या हातालापण कॉफीच हाय. आणि म्हणे खारी!"

"मला नाय येत."

"तुला माझ्या हातचं जेवणपण कळत नाय, हे काय कळणार!"

दोघींचं तिथंच जुंपलं. चाचा एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. भांडण संपलं तेव्हा थोरलीनं बाटली घेतली, आणि धाकटीनंही घेतली, कारण थोरलीनं घेतली.  त्या गेल्यावर चाचांनी उठून स्वतःच वाटी आत नेली. बाहेर येऊन म्हणाले, "अब्बांच्या वेळी कॉफीचं अत्तर होतं कुठं? असतं तर त्यांनीच उचलली असती."

बरोबरच होतं ते. मला फार बरं वाटलं की ते असं म्हणाले.

मग नाकाला ब्रेक द्यायचा कशानं, हा प्रश्न आला. सायरानं कुठंतरी वाचलं होतं, आपल्याच कोपराची आतली बाजू हुंगावी. आपला वास आपल्या नाकाला सवयीचा असतो, तिथं नाक टेकलं की शांत होतं. पहिल्यांदा लोक हसायचे. आता आमच्याकडं येणारे सगळे कोपरात नाक घालून उभे असतात, बाहेरून जाणाऱ्याला वाटतं दुकानात सगळ्यांना शिंका येताहेत. मला त्यातून एक शिकता आलं. जवळ उभं राहिलं की कळतं, कुणाच्या हाताला कांदा आहे, कुणाच्या धूप, कुणाच्या डिझेल. बागेतून आलेल्यांच्या अंगाला औषधातला गंधक असतो, तो धुऊन जात नाही. त्यावर गुलाब लावला तर दोन्ही वाया जातात. कॉफी मात्र टिकते. कडवटाला कडवट धरून राहतं. म्हणून पुढं पुढं आमचं अत्तर कॉलेज रोडच्या पोरींनी घेतलं, तसंच बागेतल्या बायकांनीही घेतलं. सायराच्या मनात त्या नव्हत्या, पण सगळ्यात जास्त बाटल्या त्यांनीच नेल्या. बाटलीवर सायरानं इंग्रजी नाव छापून घेतलं होतं. ते नाव कुणी घेत नाही. सगळे म्हणतात, "कॉफीवालं द्या."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. कव्हरवाला आला, गर्दी बघून पायरीखालीच थांबला. चाचा त्याला आतूनच म्हणाले, "भाऊ, दुसरीकडं बघ. आमच्या पोरीनं जागा घेतली." सायरा त्या वेळी बाटल्या भरत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या हातातलं अत्तर बाटलीबाहेर सांडलं. एरवी एक थेंब सांडला की ती आम्हाला बोलते.

दिवाळी झाल्यावर विरळणीचे दिवस आले. सकाळी आमच्या वस्तीच्या तोंडाशी गाडी लागते, मुकादम बायका गोळा करतो. शांताराम त्याचं नाव. नळावर मी पाणी भरत होते. त्यानं हाक मारली.

"हिरा, येतेस ना विरळणीला? माणसं कमी हायेत."

दर वर्षी तो विचारायचा. मी मान हलवायची आणि पुढं जायची, म्हणजे त्याला कळायचं नाही, हो की नाही. या वेळी हंडा खाली ठेवला.

"नाही. माझं दुकान आहे."

गाडीतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "दुकान कधी घेतलंस गं?"

"घेतलं नाही. मी बसते तिथं."

"कसलं?"

"अत्तराचं. कॉफीवालं आमच्याकडचंच." माझा आवाज त्या गाडीच्या पलीकडच्या बायकांनाही ऐकू गेला असावा, कारण त्या सगळ्या वळल्या. दोघी-तिघींनी आपले हात नाकाशी नेले.

शांताराम म्हणाला, "मग येताना एक बाटली आण की माझ्या मालकिणीसाठी. ओळखीत."

"तसं नाही देत," मी म्हणाले. "तिला घेऊन या दुकानात. अत्तर तिच्या हातावर लावून बघावं लागतं."